अल खोरची मासेमारी: सगळं ठरवलं, फक्त समुद्राला विचारलं नाही

बाबा कतारला येऊन तीन आठवडे झाले होते. सोमवारी जेवताना त्यांनी शांतपणे सांगितलं, "माझं तिकीट पुढच्या बुधवारचं करून दे वं. करमून नाही राहिलं मले."

हातातला घास मी ताटात ठेवला. पाच वर्षं मी दोह्यात ओल्ड एअरपोर्ट भागातल्या फ्लॅटमध्ये एकटी राहतेय. पहिल्यांदाच दिवाळीला घरचं माणूस सोबत असणार होतं आणि जेमतेम अडीच आठवडे उरले असताना हे निघाले! रागही आला, पण चूक त्यांची नव्हती. मी सकाळी सातला लुसैलच्या ऑफिसला जाते ती संध्याकाळी सहाला उगवते. बाबा भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीत आयुष्यभर वायरमन होते. सुट्टी मिळाली की तलावावर गळ टाकून बसायचे. असा माणूस चौथ्या मजल्यावर टीव्ही तरी किती बघणार?

"शुक्रवारी मासे धरायला जाऊ," मी ठोकून दिलं. "तरीही जावंसं वाटलं तर शनिवारी तिकीट बदलते. शब्द देते."

"इथं गोडं पाणी हाये का?"

"नाही. समुद्र आहे."

"म्हणजे मासेही खारेच असतीन." असं म्हणाले खरे, पण डोळे चमकले.

मग काय, मी कामाला लागले. ऑफिसात प्रोजेक्टलाही केलं नसेल इतकं प्लॅनिंग या सहलीचं केलं. एक्सेल शीटच बनवली: निघायची वेळ, पेट्रोल, पार्किंग, पोह्यांना किती कांदे. मासेमारीचे नियम वाचले (तुम्हीही वाचा, कुठं चालतं आणि कुठं नाही ते ठरलेलं आहे). ऐंशी रियालला साधा रॉड घेतला. बाबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि "बांबू नाही भेटत का?" असं विचारलं. चारा म्हणून त्यांनी स्वतः कणीक मळली. गुरुवारी कोजागिरी होती. आटवलेलं दूध प्यायलो, बाल्कनीतून चंद्र बघितला आणि लवकर झोपलो.

शुक्रवारी साडेपाचला निघालो. अल खोर उत्तरेला तासाभराच्या अंतरावर आहे, आणि सुट्टीच्या सकाळी रस्ता म्हणजे लोणी. वाटेत चहाच्या दुकानापुढं गाडीतूनच हॉर्न देऊन 'कडक', म्हणजे इथला दाट दुधाचा चहा, मागवला. बाबांनी एक घोट घेतला. "याले कडक म्हणतेत? ही तं बासुंदी झाली!" तरी माझा उरलेलाही त्यांनीच संपवला.

अल खोरच्या थोडं पुढं खारफुटी लागते. वाळवंटात अचानक हिरवंगार रान दिसतं, पाण्यात उभं असलेलं. बाबा बघतच राहिले. तिथून परत फिरून आम्ही मोकळ्या किनाऱ्यावर आलो. ऑक्टोबरच्या त्या सकाळी हवा सुखाची होती. बाबांनी उन्हासाठी कपाळावर हात धरला, पाणी न्याहाळलं, गळ टाकला. मी पोह्यांचा डबा उघडला.

दोन प्लेटा पोटात गेल्या तेव्हा बाबा पुटपुटले, "अवं, पाणी मांगं सरकून राहिलं."

मी म्हटलं, भास असेल. ते चार पावलं पुढं गेले, परत गळ टाकला. मग आणखी दहा. तासाभरात बाबा ओल्या वाळूत भलतेच लांब पोचले होते, आणि समुद्र त्यांच्याही पुढं पळत होता.

"अवो ताई, ओहोटीला कोण गळ टाकतं?" मागून आवाज आला. पिकअपच्या सावलीत एक माणूस चहा पीत बसला होता. रत्नागिरीचा महेश, इथं ड्रायव्हर आहे. "काल पौर्णिमा झाली ना? उधाणाची ओहोटी ही. दुपार टळेपर्यंत पाणी येत नाय. मी वाळूवर शिंपल्या बघायला आलोय."

एक्सेलच्या सव्वीस ओळींत भरती-ओहोटी कुठंच नव्हती! काल कोजागिरीचा चंद्र दोघांनी डोळे भरून पाहिला होता, पण आम्ही पडलो तलाववाले.

"काका, तुमच्याकडं समुद्र नाय वाटतं?" परत आलेल्या बाबांना महेशनं विचारलं.

"आमच्याइकडं तलाव हायेत बाप्पा. संध्याकाळी जिथं सोडून जा, सकाळी तिथंच भेटतेत."

महेश हसला, मग बाबा हसले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा, खांदे हलवत, पोट धरून. मलाही रडू येईतो हसू आलं. महेशनं त्यांना भरतीचं गणित शिकवलं: पाणी दिवसातून दोनदा भरतं आणि रोज पाऊणएक तास उशिरा येतं, म्हणजे आजची पहाटेची भरती आठवड्यानं सकाळी. बाबा बोटं मोजत ऐकत होते.

दहा वाजता ऊन चढलं आणि आम्ही रिकाम्या हातानं घरी निघालो. परतीच्या वाटेवर बाबा खिडकीबाहेर बघत बसले. लुसैलचे टॉवर गेले, स्टेडियम गेलं. माझ्या मनात एकच: खलास, दिवाळी गेली.

तुम्ही जाणार असाल तर आधी भरतीची वेळ बघा, बाकी सगळं नंतर.

शनिवारी सकाळी शब्द दिल्याप्रमाणे लॅपटॉप उघडला. बाबा बाल्कनीत रॉडला नवा गळ बांधत बसले होते.

"बाबा, बुधवारचं तिकीट बघू का?" मी विचारलं.

त्यांनी मान वर केली नाही. दातांनी दोरा तोडला आणि म्हणाले, "ते राहू दे. शुक्रवारी पाणी किती वाजता येते, ते बघ."