दसऱ्यापुरता बिल्ला

पितळेची कुठलीही वस्तू हातात आली की बाबा आधी तिच्यावर 'हाऽ' करून तोंडाची वाफ सोडायचे, मग खांद्यावरच्या दुपट्ट्याने ती घासायचे आणि मगच ती काय आहे ते पाहायचे. "पितय अन् मानूस, घासल्याबिगर उजयत नाई," हे वरून ऐकवायचे. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील.

नात्याने ते माझे कोणी नव्हते, सगळं गाव त्यांना बाबाच म्हणायचं. पुलगावच्या स्टेशनावर त्यांनी उभं आयुष्य हमाली केली. आर्वीच्या छोट्या गाडीतून उतरलेलं सामान डोक्यावर घेऊन नागपूरच्या मोठ्या गाडीत चढवायचं. माझी त्यांच्याशी ओळख झाली तेव्हा काम सुटलं होतं, पण स्टेशन सुटलं नव्हतं.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. मी कारकुनी सोडून स्टेशन रोडवर जुन्या वस्तूंचं दुकान टाकलं होतं. नाणी, तिकिटं, कंदील, कुलपं, दौती. गावाने मला वेड्यात काढलं. सासरे म्हणाले, "जावईबापू, भंगारच घ्याचं होतं तं हातगाडी घ्याची होती. भाडं तं वाचलं असतं." गिऱ्हाईक म्हणजे लष्कराच्या डेपोत बदलीवर आलेले साहेब लोक. बाकीचे येत ते हसायला. एकटे बाबा रोज येऊन बाकावर बसायचे आणि हसायचे नाहीत.

एकदा दुकान त्यांच्यावर सोपवून जेवायला गेलो. परत येतो तर माझी सगळी तांब्याची नाणी पायरीवर उन्हात लखलखत होती. बाबांनी चिंच आणि राख लावून एकेक घासलं होतं. जुन्या नाण्याचं मोल त्याच्या काळपटपणात असतं, हे त्यांना कोण सांगणार? मी दोन गिऱ्हाइकांदेखत त्यांच्यावर ओरडलो.

"चुकलं भाऊ," ते म्हणाले. "मले वाटलं, तुमचं घासाचं राहून गेलं असन."

त्या दिवसापासून ते बाकावर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसू लागले. पितळेकडे हात जाऊ नयेत म्हणून.

त्यांच्याजवळ इंग्रजांच्या वेळचा हमालीचा पितळी बिल्ला होता. नंबर एकतीस. नवे बिल्ले आले तेव्हा जुना त्यांनी ठेवून घेतला होता. डब्याच्या दारात सापडून त्याचा एक कोपरा वाकलेला होता. मी तो कपाटात मांडायला मागितला.

"पाह्यले ठेवा, इकाले नाई," बाबा म्हणाले. "अन् दसऱ्याले मी घरी नेईन."

दसऱ्याला जो तो आपापल्या हत्यारांची पूजा करतो. शेतकरी नांगराची करतो, सुतार रंध्याची. बाबांचं हत्यार म्हणजे हा बिल्ला. मी कबूल झालो, आणि माझी एक अट घातली, की तोवर त्याला घासायचं नाही. त्यांनी ती पाळली. दोन पावसाळ्यांत बिल्ला छान काळा पडला. मधल्या दसऱ्याला तेवढा त्यांनी तो नेला आणि कुंकू वाहून, न घासताच परत आणला. माझ्यासाठी.

दुसऱ्या वर्षी पोळा झाल्यावर बदली होऊन निघालेले एक साहेब आले. त्यांना नेमका तोच हवा होता. मी एकदा म्हणालो, विकायचा नाही. दुसऱ्यांदा तसं म्हणालो नाही. दुकान चालत नव्हतं, ही सबब मी स्वतःला बरीच वर्षं सांगितली. खरं सांगायचं तर ते म्हणाले, "तुमची नजर पारखी आहे," आणि मी पाघळलो.

संध्याकाळी बाबांनी रिकामी जागा पाहिली. मी म्हणालो, "जपून आत ठेवलाय."

"बरं केलं भाऊ. धूळ बसत होती."

मग मात्र माझी झोप उडाली. वर्ध्याच्या एका भंगारवाल्याकडे त्याच घडणीचा बिल्ला मिळाला, नंबर सत्तावन्न. बाबांना वाचता येत नव्हतं. आणि आता जे सांगतो ते आजवर कोणाला सांगितलं नाही. मी पक्कड घेतली आणि त्याचा कोपरा तसाच वाकवला.

दसऱ्याला सकाळी बाबा धुतलेलं धोतर नेसून आले. एका हातात चिंचेचा गोळा, दुसऱ्यात झेंडूचं फूल. मी बिल्ला पुढे केला. त्यांनी 'हाऽ' केलं, अंगठा कोपऱ्यावरून फिरवला. अंगठा तिथेच थांबला.

"हा माहा नाई, भाऊ."

"तोच आहे बाबा. काळा पडलाय, म्हणून वेगळा वाटतो."

ते माझ्याकडे पाहतील म्हणून मी मान खाली घातली. ते बिल्ल्याकडेच पाहत होते. मग म्हणाले, "कोन्या तरी हमालाचा असन. त्याची बी पूजा राह्यली असन." आणि तो घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बिल्ला आणून दिला. या वेळी मात्र त्यांनी तो घासला होता. पितळ सोन्यासारखं झळकत होतं, वर हळदकुंकू होतं. सोबत आपट्याची पानं. "सोनं घ्या भाऊ." सोनं धाकट्याने थोरल्याला द्यायचं आणि पाया पडायचं. मला वाकताही आलं नाही.

ते बाकावर बसले नाहीत. नंतर कधीच बसले नाहीत. रस्त्याच्या पलीकडून जायचे, दिसलो तर हात जोडायचे. रोज मी ठरवायचो, उद्या जाऊन खरं सांगू. संक्रांतीला कळलं, ते जाम गावाजवळ लेकीकडे राहायला गेले. उन्हाळ्यात कळलं, बाबा गेले.

दुकान पुढे चाललं. गाव आता मला पारखी म्हणतं, आणि प्रत्येक वेळी मला लाज वाटते. सत्तावन्न नंबर कपाटात आहे. कोणी मागितला तर सांगतो, पाहायला आहे, विकायला नाही. दर दसऱ्याला मी चिंच लावून तो घासतो, फूल वाहतो. तो लख्ख उजळतो. कोपऱ्यावरच्या पक्कडीच्या दातांच्या खुणा मात्र चिंचेने जात नाहीत. मी अंगठा फिरवला की लागतात, बाबांना लागल्या तशाच.