पाणी कुठवर आलं होतं?

सदर इसम रामजी गजभिये, वय सदुसष्ट, मूळ जिल्हा वर्धा, हल्ली मुक्काम डिंडोली, सुरत. यंत्रमाग कारखान्यातील निवृत्त मास्टर. विधुर. अपत्य एक, कन्या. दोन्ही गुडघे हजर, परंतु कामकाजात सहभागी नाहीत. इसम पूर, घरखरेदी व उत्तर इंग्लंडची भूरचना या विषयांतील जाणकार असून त्यांचा सल्ला मोफत आणि अटळ आहे.

सुरतेत घर बघायला गेलेला माणूस हॉल, किचन, शेजार वगैरे नंतर बघतो. आधी पुराबद्दल विचारतो, "पाणी कुठवर आलं होतं?" विकणारा भिंतीवर गुडघ्याजवळ हात ठेवतो, घेणारा मनात कंबर धरतो आणि व्यवहार होतो. रामजींनी या एका प्रश्नावर डिंडोलीत नाव कमावलं. त्यांना न विचारता गल्लीत कुणी बिऱ्हाड बदलत नाही. बदललंच, तर पावसाळ्यात तोंड लपवतं.

मुलगी विशाखा इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये नर्स. ती घर घेत होती ते एकाच कारणासाठी: बाबांनी दर वर्षी सहा महिने आपल्याजवळ राहावं. घरं दोन होती. एक टेकडीच्या पायथ्याशी, दारात बस, पायरी एकही नाही. दुसरं माथ्यावर. धापा टाकत चढताना तिने व्हिडिओ कॉलवर सगळं उपनगर दाखवलं. दगडी घरांच्या रांगा एकमेकींच्या खांद्यावर उभ्या. घर पुढून दुमजली, मागून तिमजली, कारण मागची जमीन उतारावरून खाली निघून गेलेली. चालणाऱ्यांसाठी भिंतीला लोखंडी कठडा. दगडावर बंद पडलेल्या गिरण्यांची काजळी, जुना दागिना जपावा तशी जपलेली. वर कुरण, मेंढ्या आणि आभाळ, तिन्ही एकाच मळकट रंगाचे.

"बाबा, खालचं घेते. तुमच्या गुडघ्यांना बरं."

"बाजूले काय वाह्यते ते?"

"ओढा आहे. घोट्याएवढा."

"आपल्या डिंडोलीतली खाडी बी आठ महिने घोट्याएवढीच असते. वरचं घे."

"अहो, वर दारापर्यंत नुसत्या पायऱ्या आहेत!"

"गुडघे माहे हायेत, मी पाह्यतो. तू पाणी पाह्य."

विशाखाने वरचं घेतलं. डिंडोलीत शेजारच्या दत्तू पाटलांनी, म्हणजे नंदुरबारच्या वतीने, मान्यता दिली: "टेकडीना माथावर? मंग काय, राजा माणूस!"

राजा उन्हाळ्यात तिकडे गेला. टॅक्सी जिथवर चढली तिथवर चढली. पुढे कठडा धरून रामजी आणि मागून त्यांना ढकलत विशाखा, अशी मिरवणूक दारात पोचली. त्यानंतर राजा गडावरून उतरला नाही. खिडकीतून मात्र त्यांनी पूर्ण खोऱ्याचं निरीक्षण केलं. खालच्या गिरणीचे फ्लॅट झाले होते. जिथे माग होते तिथे आता लोक झोपतात, हे ऐकून ते म्हणाले, "आपल्याकडे तर दोन्ही एकाच वेळी चालते." शेजारच्या आजी हवेला रोज "वाईट नाही" म्हणत. पाऊस पडत असताना म्हणत. तिथे हे कौतुक समजतात.

मग आठवडाभर ती वाईट नसलेली हवा थांबेचना. एका सकाळी विशाखा कपडे धुवायला तळघरात गेली आणि पायजमा वर धरून परत आली.

"बाबा, तळघरात पाणी."

"ओढा इथवर चढला?"

"ओढा नाही. वरच्या माळाचं आहे. पाऊस तिथे मुरतो आणि डोंगरातून झिरपून आपल्या भिंतीतून निघतो. आजी म्हणतात, असायचंच."

पाणी वरून येतं! पाणी कुठून आलं, हा प्रश्न सुरतेत कुणी विचारलाच नव्हता. रामजींनी खिडकीतून पायथ्याकडे बोट दाखवलं.

"त्या खालच्या घरात कुठवर आलं?"

"कोरडं आहे, बाबा. ओढा त्याच्या दगडी पाटातून निमूट जातोय."

"पुढच्या वर्षी येईल," रामजी म्हणाले. पुढच्या वर्षी कोण येईल, ते की पाणी, हे विशाखाने विचारलं नाही. सहा महिन्यांचा मुक्काम सहा आठवड्यांत आटोपला. खालचं घर एका निवृत्त शाळामास्तराने घेतलं. त्याचे गुडघे उत्तम आहेत. तो रोज टेकडी चढून मेंढ्या बघायला जातो.

"तठे बी पानी उनं?" डिंडोलीत परतताच दत्तूंनी विचारलं.

"आलं. पण स्वच्छ."

विशाखाचा फोन दर रविवारी येतो. "बाबा, या ना. मी ढकलीन."

"पाह्यतो," रामजी म्हणतात. तिला त्याचा अर्थ कळतो. तरी पुढच्या रविवारी ती पुन्हा विचारते. फोन ठेवला की दारात कुणीतरी नवीन घराचा पत्ता घेऊन उभं असतं आणि रामजी त्याला वरचा मजला घ्यायला सांगतात.

रामजी तळमजल्यावर राहतात. त्यांच्या खाटेच्या पायांखाली विटा आहेत.