सासूबाई चालू

लिफ्टवाल्याचं लग्न झालं तेव्हा त्याच्याकडे एक गिटार आणि एक पेडल होतं. वीस वर्षांत गिटार एकच राहिली, पेडलं मात्र सहा झाली. पेडल म्हणजे पायाने दाबायची लोखंडी डबी. गिटारचा आवाज एका बाजूने आत शिरतो आणि दुसऱ्या बाजूने भलताच होऊन बाहेर पडतो. घरात त्यांना डब्याच म्हणत. मागच्या खोलीत, भंगारात निघालेल्या एका लिफ्टच्या, जमिनीवर आडव्या टाकलेल्या दारावर त्या ओळीने बसवलेल्या होत्या. हा गडी रोज संध्याकाळी कामावरून आला की हातपाय धुवायचा आणि अनवाणी तिथे जाऊन उभा राहायचा.

आता एक गुपित. प्रत्येक डबीला त्याने नात्यातल्या माणसाचं नाव दिलं होतं. दाबली की साध्या सुरालाही गुरगुरायला लावणारी, ती मोठे काका. रडका सूर काढणारी, तो धाकटा मेहुणा. एका आवाजाचे दोन करणारी, आणि दुसरा किंचित वाकडाच, ती जावा-जावा. मोठ्याने बोलणाऱ्याला दाबून बसवणारी आणि पुटपुटणाऱ्याला खणखणीत बोलायला लावणारी, ती मधले मामा, कारण मामा हेडमास्तर होते. आणि एकदा वाजवलेलं तीनतीनदा ऐकवणारी, त्या अर्थातच सासूबाई. सहावी डबी स्वतः आवाज करत नाही, ती फक्त सूर जुळवायला. तिचं पुढे येईलच. ही नावं इतकी वर्षं त्याच्या पोटात होती. डबीवर काही लिहावं लागत नाही, हा डबीचा मोठा गुण.

मग सासूबाईंचे गुडघे गेले आणि त्या लेकीकडे राहायला येणार असं ठरलं.

"मागची खोली आईला," बायकोने जाहीर केलं. "पलंगाखाली मावेल तेवढंच ठेवायचं. ते दार हलवा आता."

त्याने दार डब्यांसकट पलंगाखाली सरकवून पाहिलं. उंचीला चार बोटं कमी पडली. मग तो वाद्यांच्या दुकानात गेला.

"सहाही मला द्या आणि हा एक खोका न्या," दुकानदार म्हणाला. "दोनशे आवाज आहेत आत. रविवारपर्यंत वापरून बघा."

"मला दोनशे काय करायचेत? मला सहा पुरतात."

"मग एकशे चौऱ्याण्णव फुकट समजा की!"

लिफ्ट दुरुस्त करण्यात जन्म गेलेल्या लिफ्टवाल्याला ते पटेना. जुन्या लिफ्टमध्ये एक रिले, म्हणजे विजेचा छोटा खटका, गेला तर तेवढाच बदलायचा, लिफ्ट सुरू. नव्या लिफ्टमध्ये सगळं एका बोर्डवर. तो बोर्ड रुसला की माणसं सातव्या मजल्यावर अडकून घरी फोन करत बसतात. पण करतो काय? खोका जमला नाही तर गिटार खुंटीला टांगायची. आणि दिवसभर अंधाऱ्या खड्ड्यात ग्रीस लावणाऱ्या माणसाला संध्याकाळचा तो एक तासच काय तो आपला वाटायचा. तो गेला तर काय उरलं?

त्याने खोका आणला आणि डब्या सोडवून दुकानदाराला द्यायच्या पिशवीत भरल्या. खोका प्रत्येक आवाज साठवताना नाव विचारायचा, मराठीतही चालायचं. याने भोळेपणाने खरी नावं दिली. जन्मभर लिफ्टच्या दारावर 'चालू' आणि 'बंद' अशा पाट्या लावलेला माणूस, इथेही त्याने तेच केलं.

सासूबाई शुक्रवारी आल्या. शनिवारी दुपारी त्यांचा चष्मा पलंगाखाली घसरला. तो काढायला म्हणून वाकल्या, तर अंधारात खोक्यावर निळ्या उजेडात अक्षरं चमकत होती: सासूबाई चालू.

"अहो जावईबापू! मी चालू? चालू मी? मी?"

बायको पोळपाटावरचं लाटणं हातात घेऊनच आली. "माझी आई चालू?"

"अगं, चालू म्हणजे सुरू! सुरू या अर्थाने!"

"बटण फिरवा," सासूबाई म्हणाल्या. फिरवलं. 'सासूबाई बंद' आलं. लिफ्टवाल्याला वाटलं, आता जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

पुढे मोठे काका आले, मामा आले, जावा-जावा आल्या. धाकटा मेहुणा वाजवून दाखवल्यावर सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "हुबेहूब माझा लेक! आता मला वाजवा."

त्याने वाजवलं. त्या कान देऊन ऐकत राहिल्या आणि मान हलवली.

"ही मी नाही. हा तीनदा तस्साच बोलतो. टेलिफोन ऑफिसात तीस वर्षं काढलीत मी. लांबच्या फोनवर ऐकू जायचं नाही, म्हणून तीनदा सांगायची. 'मुलगी झाली. मुलगी. झाली.' आवाज दर वेळी थोडा थकायचा, पण तोवर पलीकडच्याला कळलेलं असायचं. ती सवय आहे, बाबा."

लिफ्टवाला वरमला. वीस वर्षं हसला होता तो या बाईला. त्याने गुपचूप पिशवीतून जुनी डबी काढून जोडली. सूर आला, मग जरा मळका आला, मग पुसट.

"हं," सासूबाई म्हणाल्या. "ही मी. ही."

"सगळं गणगोत आहे," बायकोचा आवाज चढला. "मी कुठाय? बंद केलंत का मला?"

"तू यात नाहीस."

लाटणं हातातच राहिलं. त्याने घाईघाईने सहावी डबी काढली. "खोक्यात हिला वेगळं नावच देता येत नाही गं. ही दाबली की सगळ्यांचा आवाज बंद. काका, मामा, कुणाची टाप नाही. मग फक्त माझं किती चुकलंय तेवढं दिसतं."

"आणि बरोबर असलं की?"

"हिरवा दिवा लागतो. हिला विचारल्याशिवाय मी एक सूर वाजवत नाही. वीस वर्षांत एकदाही नाही."

बायकोने लाटणं काखेत धरलं. पदराने डबीवरची धूळ पुसली आणि परत पोळ्यांकडे गेली. जाता जाता म्हणाली, "चार बोटंच कमी पडत होती ना?"

रविवारी खोका दुकानात परत गेला आणि डब्या पुन्हा दारावर बसल्या. लिफ्टच्या यंत्राखाली बसवतात ते चार रबरी ठोकळे त्याने पलंगाच्या पायांखाली सरकवले, आणि जन्मभर लोकांना वर नेणाऱ्याने सासूबाईंनाही चार बोटं वर नेलं. चढायला छोटी पायरी करून दिली. "पडेन हं मी," त्या म्हणाल्या. "पडेन. मी." पण पडल्या नाहीत.

संध्याकाळी दार बाहेर ओढून तो वाजवत होता. ऐन रंगात आला, तेवढ्यात बायको आली आणि पायाच्या अंगठ्याने सहावी डबी दाबली. एकदम शांत.

"जेवायला चला."

तार अजून थरथरत होती. बायकोने खाली वाकून पाहिलं.

"बघा, हिरवा आहे," ती म्हणाली. "बरोबर बोलतेय मी."