डोळे नसलेला बैल

पोळ्याच्या आधी आमच्या नेवाशाच्या घराच्या ओसरीत पाय ठेवायला जागा नसायची. सगळीकडे मातीचे बैल, कडेला कालवलेल्या शेंदराची वाटी आणि मधोमध मी. बैलांना रंग कोणीही द्यावा, डोळे मात्र थोरल्या बाईनेच काढायचे, ही आमच्या कुंभारघरातली रीत. टोक यावं म्हणून कुंचला जिभेवर फिरवायचा, हे मला सासूने शिकवलं, तिला तिच्या सासूने. शेंदूर देवाच्या अंगावर चढतो, तो आपल्याला काय करणार? नात माझ्या मांडीला टेकून बघत बसायची.

तिचं पोट सारखं दुखायचं. मी दृष्ट काढली, ओवा दिला. शेवटी नगरला रक्त तपासलं, तर त्यात शिसं निघालं. डॉक्टरांनी घरात काय काय वापरता ते विचारलं आणि शेंदरावर येऊन थांबले. हा शिशाचाच असतो म्हणाले, धूळ जमिनीत मुरली असेल, पोरीला तिथे ठेवू नका. माझंही रक्त तपासायला सांगितलं होतं. या जुन्या हाडांना आता काय व्हायचंय म्हणून मी गेलेच नाही.

मुलगा-सून तिला घेऊन राहुरीला खोली करून राहिले. त्यांचं काही चुकलं नाही, तरी मला राग आला, आणि काढायला घरात माणूस नव्हतं. मी ओसरी खणून नवी माती घातली, शेंदूर बंद केला. यंदाचे बैल नुसते गेरूचे. बाजारात एक गिऱ्हाईक म्हणालं, हे आजारी दिसतात. म्हटलं, आजारी होते ते मागचे.

पोळ्याला एक बैल घेऊन राहुरीला गेले. सुनेने दारातच विचारलं, "आत्या, शेंदूर न्हाई ना ह्याला?" नाही म्हटल्यावर तिने तो पोरीच्या हातात दिला.

"आजी, ह्याला डोळं न्हाईत."

"तुझ्यासाठी ठेवल्यात. तू काढ."

ती हरखली. शाळेचे रंग घेऊन आली, बैल माझ्यासारखाच मांडीत धरला, कुंचला काळ्या रंगात बुडवला आणि टोक काढायला जिभेवर फिरवला.

मी तिचा हात इतक्या जोरात धरला की ती रडायला लागली. सुनेने तिला उचलून नळावर नेलं. पोरीने माझ्याकडून उचललं ते नेमकं हेच.

बैल तिथेच ठेवून मी नेवाशाची एसटी धरली. घराचं कुलूप मीच लावलेलं, मलाच काढायचं होतं.