मोबाईलवरूनच नजर उतरवली

मंडळी, माझी नात वैशू एका फुटबॉल क्लबची फॉरवर्ड आहे, गोल मारणं हेच तिचं काम. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आज तिचा पहिला सामना होता. पुन्हा गुडघा गेला तर खेळ कायमचा बंद.

दोंडाईचाला घरी मोबाईलवर पाहत होतो. ती गोलजवळ धाडकन पडली आणि चित्रच अडकलं. मी मीठ-मिरची मोबाईलवरून उतरवून चुलीत टाकली. ठसका आला नाही. म्हणजे नजर होतीच!

"मोबाईलले नजर लागनी का?" बायको हसली.

तासाभराने वैशूचा फोन आला. "आबा, गुडघा ठीक आहे. मला पाडलं म्हणून पेनल्टी मिळाली, ती मीच मारली, गोल झाला!"

"मन्हा जीव चालना व्हता ना व माय!"

"रविवारी परत सामना आहे, आबा."

मिरच्या आणून ठेवल्यात. पण तुमचं लेकरू मैदानात पडतं, तेव्हा तुम्ही डोळे उघडे कसे ठेवता?