चिमूटभर कापूस

बहिणीला दहा दिवसांच्या बाळासह मंचेरियलहून आणायचं होतं आणि ऐन मे महिन्यात आमच्या जुन्या कारच्या एसीतून गारवा येईना. “मी करतो दुरुस्त,” असं मी बाबांना सांगून बसलो होतो. मोबाइलवर पाहून आणलेला, एसीत भरायच्या गॅसचा डबा जोडणार, इतक्यात दारात पाणी प्यायला थांबलेला एक टेम्पोवाला म्हणाला, “थांब बावा. आधी एसी चालू कर.”

त्यानं ओसरीतल्या ढिगातून चिमूटभर कापूस उचलून एसीच्या जाळीसमोर धरला. कापूस हलेचना. मग त्यानं जाळीला हात लावून पाहिला.

“थंड तं हाय, वाराच नाई. कापूस वाह्यला काय यातून?”

वाहिला होता, मागची सीट काढून, थेट जिनिंगच्या कारखान्यापर्यंत.

त्यानं डॅशबोर्डचा कप्पा काढून आतला फिल्टर ओढला. कापसानं गच्च भरला होता.

“गादी भरून राह्यला होता काय?” तो हसला. फिल्टर झटकून बसवल्यावर जाळीसमोर धरलेला तोच कापूस माझ्या तोंडावर उडाला.

बाबा आले. “काय झालतं?”

मी हातातला बंद डबा चाळवू लागलो. “पोरानं हुडकून काढलं, भाऊ,” टेम्पोवाला म्हणाला आणि उडालेला कापूस उचलून कानामागे खोचत निघून गेला.

मंचेरियलच्या वाटेवर न राहवून मी बाबांना खरं सांगितलं.

“मालूम हाय,” बाबा म्हणाले. “डबा तुह्या हातात तसाच होता.”