गोळ्या भरताना नळीचं तोंड

मी डावरा आहे. शाळेत चारच वर्षं गेलो, तेवढ्यात मास्तरनं छडी मारून मारून माझा लिहायचा हात बदलवला. जेवायचा हात मायनं बदलवला. पूजा, प्रसाद, कोणाले काही देणं-घेणं, सगळा कारभार उजव्याकडं गेला. डाव्याकडं राह्यलं गोटा मारणं, आणि पुढं चालून रिव्हॉल्व्हर.

तीस वर्षं मी एका जिनिंगवाल्या शेठजीचा राखणदार होतो. कापसाच्या हंगामात पैशाची पेटी घेऊन जीप निघे. उजवीकडं डायवर, डावीकडं मी. रिव्हॉल्व्हर माझं सोताचं, परवाना माझ्या नावावर. माणसावर एकदाही चालवलं नाही. पण कमरेले होतं म्हणून गावात चार लोक रामराम घालत, ते खोटं कायले सांगू.

आता मी शेलूबाजारच्या रोडले वांगी आणि मेथी लावतो. माझी बायको, घरची बुढी, म्हणते, मेथी राखाले रिव्हॉल्व्हर कायले पाहिजे, देऊन टाका सरकारले. मी देत नाही. पण या खेपेले परवाना पुढं चालवाले गेलो, तं बाबू म्हणाला, हत्यार नीट हाताळता येते असा कागद आणा. नाही आणला तं परवाना गेला, आणि रिव्हॉल्व्हर कायमचं जमा.

म्हणून वाशिमले नेमबाजी शिकवतात तिथं गेलो. शिकवणारी एक मॅडम होती, माझ्या नातीच्या वयाची. मले हसू आलं. तिले म्हटलं, बाई, तू जन्मली नव्हती तेव्हापासून माझ्या कमरेले हे आहे. तिनं मले सरळ नेम धराले लावला. सहा गोळ्या मारल्या, सहाही कागदाले लागल्या. मी तिच्याकडं पाह्यलं.

"आता भरा," ती म्हणाली.

माझं रिव्हॉल्व्हर मधातून वाकते. वरची खिट्टी दाबली का नळी खाली पडते, मारलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या वर येतात. माझी रीत अशी : नळी उजव्या तळहातावर आडवी टेकवायची, डाव्या बोटानं खिट्टी दाबायची आणि डाव्याच हातानं गोळ्या भरायच्या. तीस वर्षं तसंच केलं. खिट्टी दाबणार, तेवढ्यात तिनं माझं मनगट धरलं.

"आबाजी, नळीचं तोंड कुठं आहे?"

नळीचं तोंड उजवीकडं होतं. उजवीकडं ती उभी होती.

मी म्हटलं, रिकामं आहे ना. ती म्हणाली, रिकामं आहे हे तुमाले माहीत, माझ्या पोटाले माहीत नाही. मंग तिनं सांगितलं : रिव्हॉल्व्हर डाव्या मुठीतून सोडायचं नाही, बोट चापाच्या बाहेर, तोंड निशाण्याकडंच. उजव्या हातानं खिट्टी दाबा, उजव्यानंच भरा.

तिथं माझा सगळा गोंधळ झाला. उजवा हात माझा शिकवलेला हात. सही करतो, घास उचलतो, कुंकू लावतो. पण गोळी धरली का त्या हाताची बोटं पाहुण्यासारखी अवघडून जात. एक गोळी पडली, मंग दुसरी. मी हाताकडं पाहाले लागलो, आणि जेवढं पाह्यलं तेवढं जास्त चुकलं. शेवटी डावा कोणता आणि उजवा कोणता, हेही थांबून आठवावं लागलं. तिनं कागद दिला नाही. आठ दिवसांनी या म्हणाली.

घरी बसून सहा रिकाम्या पुंगळ्या घेतल्या आणि उजव्या हातानं भरत बसलो. बुढी शेंगा सोलता सोलता पाहून राह्यली होती. नवी नवरी भाकर थापते तसं चाललं, म्हणाली. मी ऐकून घेतलं. माझ्या डोक्यात दुसरंच होतं. तीस वर्षं माझ्या उजवीकडं कोण बसत होतं?

आमचा डायवर अनसिंग गावचा. जीप निघायच्या आधी मी गोळ्या भरायचो, परत आलो का काढायचो. दर वेळेस मी रिव्हॉल्व्हर काढलं का तो म्हणे, टायर पाहून येतो. आणि उतरे. मले वाटे, काय इमानदार माणूस आहे, टायरची किती काळजी. शेठजीपाशी त्याची तारीफही केली होती मी.

दुसऱ्या दिवशी अनसिंगले गेलो. तो ओट्यावर बसला होता. इकडचं तिकडचं झालं, आणि मी सरळ विचारलं.

"खरं सांग, टायर पाहायचा का तू?"

त्यानं तंबाखू मळाले घेतली.

"टायरले काय होते लेका," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी तू नळी माह्या बेंबीवर धरली. तवापासून उतरत होतो."

"मंग बोलला काहून नाही?"

"तू ऐकला असता?"

  मी ऐकणारा माणूस नाही, हे मले कधी कोणी सांगितलं नाही. म्हंजे सगळेच टायर पाहाले उतरत होते का? शेठजीही मी रिव्हॉल्व्हर लावून त्यांच्या खोलीत गेलो का चष्मा शोधाले बाहेर जात. आता त्या चष्म्याचंही काही समजत नाही.

वाशिमले दुसऱ्या खेपेले डायवरच संग आला, त्याच्या मोटरसायकलवर. आत चाल म्हटलं, तं म्हणाला, मी इथंच बरा. मी एकटाच गेलो. सहा मारल्या. एक कागदाच्या बाहेरच गेली. मंग डावी मूठ तशीच ठेवली, बोट बाहेर काढलं, उजव्या हातानं खिट्टी दाबली. पुंगळ्या पडल्या. उजव्या हातानं एकेक गोळी भरली. चौथी हातातून सुटली. वाकून उचलाले गेलो नाही, कारण वाकलो तं तोंड फिरते. खिशातून दुसरी काढली. मॅडमनं घाई केली नाही. नळी बंद केली, तोवर तोंड हललं नव्हतं.

तिनं गोळ्या परत काढाले लावल्या आणि कागदावर सही केली. मी तो उजव्या हातानं घेतला. रीतच आहे.

बाहेर आलो तं डायवर मोटरसायकलच्या मागच्या चाकापाशी उकिडवा बसून टायर दाबून पाहत होता. मी विचारलं, पंक्चर झाली का? तो म्हणाला, नाही, हवा बरी आहे. आणि वर न पाहता म्हणाला, "कमरेले रिकामंच आहे ना ते?"

मी खोळीतून रिव्हॉल्व्हर काढलं, तोंड जमिनीकडं धरून उजव्या हातानं उघडून दाखवलं. त्यानं सहाही भोकं नीट पाह्यली आणि मंगच किक मारली.